पकायाचा कडूपणा

मातिल्दे गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, आनानं केला, तेव्हा मी मुलांचे डबे भरत होते. "ममा इज गॉन, मावशी," एवढंच ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. मरण समोर दिसतच होतं. पण मला तिच्याकडून आणखी तीन दिवस हवे होते... ते मिळाले नाहीत.

मातिल्दे ग्वातेमालाची, माया लोकांतली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका पाळणाघरात आम्ही दोघी चार वर्षं स्वयंपाक करायचो. तिचं इंग्रजी मोडकं, माझं बुजरं. तरी आमच्या गप्पांना खळ नसे. दर शुक्रवारी कॉलिंग कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत ती आईशी बोलायची आणि मग मला पकायाबद्दल सांगायची. पकाया म्हणजे त्यांच्याकडच्या बुटक्या ताडाची न उमललेली फुलं. दिसायला कोवळ्या कणसासारखी, आत पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका. तिची आई ती निखाऱ्यावर भाजायची. "तुमच्या कारल्याची बहीण," मातिल्दे हसून म्हणायची.

केमो सुरू झाली आणि तिची चवच गेली. "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं. पकायाचा कडूपणा तेवढा कळेल. एकदा खाऊ दे." माझा नवरा कुरकुरला, "अगं, बाहेर स्नो बघ! एवढ्यासाठी शिकागोपर्यंत ड्राइव्ह करायचं?" पण नेलं बिचाऱ्यानं. एका दुकानात फ्रोझन पाकिटं मिळाली.

आणि मग मी माती खाल्ली. कडू भाजी समोर आली की माझे हात मला विचारत नाहीत. फुलांना मीठ चोळलं, पाणी घट्ट पिळून टाकलं, भाजी परतून वर गुळाचा खडा घातला. मातिल्देनं एक घास घेतला, बराच वेळ चघळला... "छान केलंस," म्हणत बशी परत दिली. तिचे डोळे भरलेले पाहिले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शरमेनं मेल्यासारखं झालं. "रविवारी नुसती भाजून आणते, न पिळता," मी म्हटलं. तिनं मान डोलावली. गुरुवारी ती गेली.

परवा उरलेलं पाकीट काढलं आणि आनाला बोलावलं. फुलं गॅसवर नुसती भाजली. पहिल्याच घासाला आना रडू लागली. "दॅट्स इट, मावशी. दिस इज व्हॉट शी वॉन्टेड." मीही खाल्लं. जीभ आखडली, घशापर्यंत कडू उतरलं... मातिल्देला नक्की कळलं असतं.