हिंदी करून दाखवा

गिरणी बंद झाली तेव्हा आमच्या ह्यांनी इंग्रजीतल्या एका कागदावर न वाचता सही केली. सगळेच करत होते, लाइन लागलेली, मागचा ढकलत होता. घरी आल्यावर शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, की आपण आपल्या खुशीनं नोकरी सोडतोय असं त्यात लिहिलंय. तेव्हापासून मी ठरवून टाकलं, वाचल्याशिवाय काही पुढे सरकू द्यायचं नाही. आणि मला वाचता येतं ते घरची मराठी नि इथल्या गावची हिंदी. बस.

मग कागद गेले, कॉम्प्युटर आले. दोन वर्षांपूर्वी आमच्या गिरणीच्या चाळीची जागा रिकामी करायचं निघालं. जे गिरणीत कामाला होते त्यांना बदल्यात घर मिळणार, बाकीच्यांनी आपलं बघावं. त्याचा फॉर्म वेबसाइटवर भरायचा, शुक्रवारपर्यंत. आम्ही दोघं गुरुवारी मल्हारगंजातल्या एका ऑनलाइनवाल्याच्या दुकानात जाऊन बसलो. स्टूल एकच होतं, त्यावर मी. हे बाहेरच्या बाकावर, आतून विचारलं की तिथूनच उत्तर देत होते.

दुकानवाला माणूस चांगला, पण त्याला घाई. इंग्रजीत वाचायचा, हिंदीत विचारायचा, उत्तर अर्धं ऐकून टाइप करायचा. दीड तास गेला. मध्ये दोनदा लाइट गेली, पण कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. शेवटी म्हणाला, "आंटीजी, हो गया. सबमिट कर दूँ?"

"थांबा भिया. आधी हिंदी करून दाखवा. मी वाचते."

"इसमें पढ़ना क्या, आपने ही तो सब बताया."

"दाखवा तर."

वर कोपऱ्यात हिंदी लिहिलेलं होतं, त्यानं ते दाबलं. पान हललं, हिंदी आली, आणि खालचे चौकोन सगळे कोरे.

तो खुर्चीत मागे टेकला. "लो. भाषा पहले बदलना थी, आंटीजी. अब तो सब उड़ गया."

"दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल कोणी रस्त्यावर टाकतं का?"

"मैंने थोड़ी बनाई है वेबसाइट."

ते खरंच होतं. बाहेरून हे म्हणाले, "झालं समाधान? आता घर गेलं तर तुझ्या हिंदीत जाऊन राहू."

दुकानवाल्यानं पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी हिंदीत, आणि मी स्टूल पुढे ओढून प्रत्येक ओळ त्याच्याबरोबर वाचत गेले. नाव, वय, खोली नंबर. मग आलं, 'निवासी का प्रकार'. खाली तीन नावं: पूर्व कर्मचारी, म्हणजे आधी कामाला असलेले; किराएदार; अन्य.

मी विचारलं, "मघाशी यात काय लावलं होतं?"

"किराएदार," तो सहज म्हणाला. "मैंने पूछा था मकान खुद का है क्या. अंकलजी ने बोला, नहीं, पगार में से भाड़ा कटता था."

आमच्या ह्यांचं हे असंच. विचाराल तेवढंच सांगायचं, आणि खरं तेच. तीस वर्षं गिरणीच्या बुनाई खात्यात मागावर उभं राहून काम केलं, ते सांगायचं सुचलं नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

दुकानवाल्यानं जीभ चावली आणि मुकाट्यानं 'पूर्व कर्मचारी' लावलं. बाहेर बाकाचा आवाज झाला. हे उठून आत आले, माझ्यामागे भिंतीला टेकून उभे राहिले.

"सावकाश वाच," म्हणाले. "मोठ्यानं."

आणखी एक तास लागला. डोळे चुरचुरत होते, मान अवघडली होती. मी एकेक ओळ वाचायची, ते हं म्हणायचे, मग पुढची. फॉर्म गेला. घर मिळणाऱ्यांची यादी अजून लागलेली नाही.