टेलरमामींचे डोळे

फोटोवाल्या काकूंची जीभ कॅमेऱ्याहून चपळ, आणि तिनेच घात केला. समोरच्या टेलरमामींचे डोळे लग्नापासूनच्या एकूण एक फोटोत मिटलेले. फ्लॅश पडायचा अवकाश, की पापण्या खाली. टेलरमामा चारचौघांत म्हणाले, अल्बम बघणाऱ्याला वाटतं मी झोपलेल्या बाईशीच लग्न केलं. काकूंना राहवेना. म्हणाल्या, "उद्या या दोघं. डोळे उघडे आले नाहीत तर दुकानाची पाटी उतरवते."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीला अचानक पासपोर्ट फोटोची निकड लागली. सगळे दारात. काकूंनी बटण दाबलं, तर फ्लॅश ढिम्म. पडद्यावर बॅटरीची खूण लाल. रात्रभर चार्जरला लावलेली बॅटरी रिकामी कशी? मग उजेड पडला. त्यांचे यजमान म्हणजे वीजबिलाचे जन्मवैरी. जाता-येता दिसेल ते बटण बंद करतात. पाहुणे जिन्यात असतानाही दिवा घालवतात. चार्जर लावलेला होता, बटण मात्र बंद.

काकूंनी बॅटरी काढली, तिची टोकं कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा बसवली. फ्लॅश एकदा मिणमिणला आणि गप्प झाला. जादाची बॅटरी काढली, तर ती फुगलेली, आतच जाईना.

"काकू, शिडी आणू का पाटीसाठी?" शेजारच्या सलूनवाल्याने विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. बॅटरीचा जीव खातो तो फ्लॅश. तो बंद ठेवला तर उरल्यासुरल्या चार्जवर एखादा फोटो निघेल. त्यांनी फ्लॅश बंद केला, बघ्यांना बाजूला हाकललं आणि खुर्च्या दाराच्या उजेडात ओढल्या.

"म्हणजे तो झोत नाही ना मारणार?" मामींनी हळूच विचारलं.

"नाही."

मामींचे खांदे सैल पडले. आयुष्यभर त्या फोटो काढून घेत नव्हत्या, फटका यायची वाट बघत होत्या. आता निवांतपणे त्यांनी मामांची कॉलर सरळ केली आणि समोर पाहिलं. काकूंनी बटण दाबलं. त्याच क्षणी कॅमेऱ्याने मान टाकली.

फोटो आला की नाही, कोणालाच कळेना. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावेपर्यंत काकू आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होत्या. मग पडद्यावर मामी उमटल्या, डोळे टक्क उघडे, थोडे खट्याळही.

मामा कितीतरी वेळ बघत राहिले. मामींनी त्यांना कोपराने ढोसलं आणि काकूंना म्हणाल्या, "उद्या परत येते. एकटीचा काढायचाय."