मामीचे बावीस प्रश्न

माझ्या मामीइतकं फ्रेंच अख्ख्या बदनापूर तालुक्यात कुणाला येत नसेल, आणि तिच्याइतकं कमीही कुणाला येत नसेल. तिला फ्रेंचमधले बावीस प्रश्न तोंडपाठ होते आणि उत्तर एकही येत नव्हतं. याला कारण मी. अकरावी-बारावीला मी तिच्याकडे राहून रोज रेल्वेनं जालन्याच्या कॉलेजात जायचे, आणि भरपूर गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून फ्रेंच घेऊन बसले होते. बारावीचं फ्रेंच लेखी परीक्षेत कसंबसं रेटता आलं असतं. पण तोंडी परीक्षेत समोरच्याशी बोलावं लागतं, आणि बदनापुरात असा माणूस आणायचा कुठून? मामा म्हणाले, "मराठी घे की. वर्ष कशाला वाया घालून राह्यली?" तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी गरजली, "पोरगी नापास झाली तर मला बोला! मी इचारते तिला प्रश्न."

मी वहीत प्रश्न देवनागरीत उतरवून दिले, खाली अर्थ. वही पिठाच्या डब्यावर असायची. भाकरी तव्यावर पडली की मामी एक प्रश्न टाकायची आणि माझं उत्तर संपलं की भाकरी उलटायची. मी अडखळले की भाकरी करपायची. माझी तयारी कुठवर आली हे मामा ताटात बघून ओळखत आणि काळी बाजू खाली करून मुकाट जेवत. उत्तर बरोबर की चूक हे मामीला कळत नसे, पण आखूड उत्तर तिला अजिबात खपत नसे. "एवढंच? पाव्हण्यानं इचारलं तर असं तुटक बोलतेत का?" मग मी माझ्या नावामागे आई, वडील, दोन म्हशी आणि अंबडची आत्या जोडायचे.

सरावासाठी तिनं दारात येणाऱ्या कुणालाही सोडलं नाही. गॅसवाल्याला तिनं एकदा फ्रेंचमधून वय विचारलं. तो हबकून म्हणाला, "मावशी, उद्या बराबर आणतो, बिलकुल आणतो." सिलिंडर खरंच दुसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून या भाषेवर मामीचा फार विश्वास बसला.

तिची खरी तक्रार होती ती पुस्तकातल्या प्रश्नांच्या क्रमावर. "घरी आलेल्याला आधी नाव इचारतेत का? आधी जेवलीस का, मंग गाव कोणतं, मंग कोणाची. नाव सगळ्यात शेवटी." जेवल्याचा प्रश्न तर पुस्तकात नव्हताच. "लिहायचा राह्यला असंल," असं म्हणून तिनं तो माझ्याकडून बनवून घेतला, "तू आ मांजे?", आणि पहिल्या नंबरावर बसवला. तीन महिने मी त्याच क्रमानं उत्तरं घोकली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पुस्तकाप्रमाणे आधी नाव विचारलं. मी घडाघडा सांगितलं की होय, जेवले, भाकरी आणि वांग्याचं भरीत. त्यांनी वय विचारलं. मी म्हणाले, बदनापूर. छंद विचारला, तर मी वडिलांचं नाव सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझं वर्ष आणि मामीचा शब्द, दोन्ही एकदमच गेली असं मला वाटलं. मग त्यांनी वहीत नसलेला प्रश्न विचारला: तुझ्याकडून ही तयारी करून घेतली कुणी? घोकलेलं काही नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच विचार करून बोलले. माझी मामी. ती विचारते, मी सांगते. तिला समजत नाही, पण ती ऐकते. त्यानंतर बाई मामीबद्दलच विचारत राहिल्या आणि मी बोलत राहिले.

मी पास झाले. निकाल घेऊन घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मामांचं ताट उचलून मामी ओटा पुसत होती. आनंदाच्या भरात मी तिलाच विचारलं, "मामी, तू आ मांजे?"

ती थबकली. "मला नको इचारू बाई. मला कुठं उत्तर येतंय त्याचं?" ती हसली. ती जेवली नव्हती. सगळ्या दुनियेला विचारणाऱ्या या बाईला त्या घरात कुणी हे विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही दोन वर्षांत विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्या दिवशी मी तिला एक उत्तर शिकवलं: "पा झांकोर", म्हणजे अजून नाही.

आता मी पुण्यात असते. रोज फोनवर तिला विचारते आणि ती ठसक्यात सांगते, "पा झांकोर!" पुष्कळदा जेवण कधीच उरकलेलं असतं. 'जेवले' कसं म्हणायचं तेही शिकवते म्हटलं, तर ती नको म्हणते.

"जेवले म्हणलं की तू फोन ठिवशील."