केळीच्या घडावरचा विमानवाला

पन्नास वर्षांपूर्वी मी एका अमेरिकन विमानवीराला केळीच्या घडाला बांधलं आणि नाव बायकोचं सांगितलं. घरच्या सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. खोटं बोलण्यात माझा हात चांगलाच बसलेला होता.

हा विमानवीर तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. त्याच्या देशातही त्याला फारसं कोणी ओळखत नसावं. आमच्या गावी, गासला, आमच्या केळीच्या वाडीशेजारचे आगुस्तिनकाका बोटीवर खलाशी होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून जुन्या रंगीत चित्रकथांचे सात अंक आणले आणि माझ्या धाकट्या भावाला, दिगूला दिले. अंक दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे, आणि नावाची जागा नेमकी कसरीने खाल्लेली. म्हणून आम्ही त्याला नुसतं विमानवाला म्हणायचो. डोक्यावर चामडी टोपी, डोळ्यांवर गॉगल, पाठीवर फडफडणारं तांबडं कापड (आईला तो पंचा वाटायचा). तो विमान चालवायचा आणि शिवाय विमानाशिवायही उडायचा. मी दिगूला विचारलं, स्वतःला उडता येतं तर विमान कशाला?

"सामान असतं ना," दिगू म्हणाला.

इतकी त्याची श्रद्धा! सहा अंक त्याने वाचून वाचून पापडासारखे केले. सहाव्याच्या शेवटी विमानाचा पंख पेटलेला, विमानवाला बेशुद्ध, खाली समुद्र. पुढचं सातव्यात. तो सातवा मात्र दिगूने उघडलाच नाही. हवाई दलात निवड झाली की त्या दिवशी वाचणार, असं त्याने ठरवलं होतं. दोन वर्षं अंक गादीखाली होता आणि विमानवाला दोन वर्षं पडत होता.

दिगू निवडीसाठी गेला, त्याच आठवड्यात वडील मला म्हणाले, वटवाघळं फार झालीत, घड झाकून घे. आमच्याकडे केळीचे घड वाळलेल्या केळीच्या पानांनी झाकतात. पानं वाडीच्या टोकाला रचलेली असत आणि त्यांत विंचू निघत. मी पदवीधर, नुकतंच लग्न झालेला, सरकारी नोकरीची वाट बघणारा. विंचवाला घाबरतो असं सांगणं शोभलं नसतं. म्हणून मी वडिलांना सांगितलं की शास्त्रीय पद्धतीत कागद वापरतात. आणि घरात कागद शोधला. घरभर जुनी वर्तमानपत्रं होती, पण ती माळ्यावर. गादीखालचा अंक हाताशी होता.

अंकाची पानं सुटी करून मी चार घड बांधले. लांबून छान दिसत होतं. विमानवाला पहिल्यांदाच खरोखर हवेत होता.

पुढचे चार दिवस दव पडलं. कागदाचा लगदा झाला, रंग केळ्यांना लागला. वडिलांनी एक घड उतरवला तेव्हा प्रत्येक केळ्यावर उलटं काहीतरी उमटलेलं: कुठे गॉगल, कुठे अर्धा पंख. आई म्हणाली, देवी आली वाटतं केळीला. आणि त्याच दुपारी दिगू परत आला. डोळे अधू निघाले होते, निवड झाली नव्हती. तो सरळ गादीपाशी गेला. निवड नाही तर नाही, निदान विमानवाल्याचं काय झालं ते कळावं, एवढंच त्याला हवं असणार.

अंक तिथे नव्हता. तो वाडीत आला. घडाकडे बघत राहिला. मग विचारलं, "कोणी केलं?"

माझी बायको कुसुम समोरच ओटीवर तांदूळ निवडत होती. सांगलीकडची, आमच्याकडे येऊन तीन महिने झालेली. मी म्हणालो, "हिने रद्दी समजून दिलं रे. हिला काय कळतंय." कुसुमने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे काढायला लागली.

दिगू तिला कधी वाकडं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने तिची गंमत केली. सातिवलीला बिजागऱ्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर झाला, त्याने फ्लॅट घेतला, आणि आम्ही गेलो की दारातच ओरडायचा, "वहिनी आल्या, पेपर उचला!" सगळे हसायचे. पुढे मुलंही म्हणायला लागली, मग सुनाही. कुसुमही हसायची. मला एकदाच म्हणाली, "तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. मी नाही सांगायची." मी मान डोलावली आणि योग्य वेळेची वाट पाहिली. ती मागच्या वर्षी गेली.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर दिगू सर्वांसमोर म्हणाला, की वहिनींच्या हातून एक चूक झाली होती, पण त्याने ती मनापासून माफ केली आहे.

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गादी, विंचू, शास्त्रीय पद्धत. सगळं.

दिगूने येऊन मला मिठी मारली.

"दादा, पुरे. ती गेली तरी तिच्यावरचा आळ स्वतःच्या अंगावर घेतोस?"

"अरे, मीच केलं."

"तू आणि विंचवाला घाबरणार? वडिलांच्या वाडीत वाढलेला माणूस?" तो इतरांकडे वळला. "ह्याला म्हणतात नवरा."

त्याच्या बायकोने डोळे पुसले. मी आणखी तपशील दिले, सुतळी कुठून आणली तेही सांगितलं. प्रत्येक तपशिलागणिक मी अधिक थोर होत गेलो आणि कुसुम अधिक दोषी. माझी सून माझ्या मुलाला म्हणाली, "शिका काहीतरी पप्पांकडून."

म्हणून इथपर्यंतचं सगळं लिहून काढलं. टाइप करायला दिगूच्या मुलीकडे दिलं. तिने वाचून फोन केला. म्हणाली, "काका, रडले मी. काकूवर किती प्रेम होतं तुमचं!"

मी तिला दोनदा सांगितलं की तसं नाही, हे खरं आहे. तिसऱ्यांदा सांगणार होतो; पण ती फारच कौतुक करत होती, आणि ऐन वेळी गप्प बसणं मला पहिल्यापासूनच छान जमतं.