मॅडमची कचकच

आमच्या मॅडमना मेथीच्या भाजीत कच लागली की आनंद व्हायचा. चावणं थांबवून, बोट वर करून त्या आम्हा पोरींना विचारायच्या, "एवढासा कण, पण अख्खा माणूस थांबला. कुणी सांगितलं त्याला?" डेंटल कॉलेजात त्यांचं नाव कचकच मॅडम पडलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

दात म्हणजे दगड नव्हे, हे त्यांचं पालुपद. मुळाभोवतीच्या शिरांना कळतंच, पण दाताच्या आतही कुणीतरी जागं असतं, म्हणायच्या. वरचं कवच बधिर. त्याखाली केसाहून बारीक नळ्या, त्यांत पाणी आणि तळाशी रांगेने उभ्या पेशी. उघड्या पडलेल्या जागी नुसती फुंकर मारली तरी पाणी हलतं, पेशींना धक्का कळतो आणि खबर शिरेपर्यंत जाते. या पेशींबद्दल त्या शेजारणींबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "बिचाऱ्या जन्मभर अंधारात उभ्या असतात. जिवंत आहेत तोवर त्यांना छळू नका."

एकदा कॉलेजच्या दवाखान्यात शिरवणे गावची एक मावशी आली. "बाय, कैरी खाल्ली नि दात पार आंबलं हायत." आमची प्राची कॉन्व्हेंटमधली. तिच्या घरी आंबायचा तो फक्त भात. दात सडलाय असं समजून ती थेट रूट कॅनलच्या तयारीला लागली. मॅडमनी दातावर हवेचा झोत सोडला, मावशी शहारली.

"अगं, भात आंबला तर टाकायचा. दात आंबला म्हणजे तो जिवंत आहे!"

मावशी दात तोंडातच घेऊन घरी गेली. पुढे महिनाभर आम्हाला तेवढंच ऐकावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम नेरूळच्या माझ्या दवाखान्यात आल्या. हिरड्यांच्या दुखण्याने सगळे दात गेले होते. खालचा एकच उरला होता, तोही हलत होता. तो काढल्याशिवाय कवळी बसणार नव्हती.

"काढायचा तर तूच काढ. पण आधी एक मिनिट दे." त्यांनी पर्समधून कैरीची फोड काढून दातावर घासली. डोळे गच्च मिटले, खांदे शहारले. "आंबला गं!"

मी भुलीची सुई खाली ठेवली. "मॅडम, राहू दे का?"

"नको. मला पोटभर जेवायचंय."

मी दात काढला. त्या गेल्यावर दार लावून रडले.

कवळी बसल्यावर त्यांना घरी जेवायला बोलावलं. मुद्दाम मेथी केली, तीन पाण्यांनी धुऊन. तरी दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली कच आली आणि मी थांबले.

"काय गं?"

"कच आहे, मॅडम."

"हो? मला नाही कळली," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.