तिरकं मारलेलं प्यादं

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं आणि आमच्या कार्यालयात भोपाळहून बदलून आलेली माणसं भरली. ओळखी व्हाव्यात म्हणून साहेबांनी खेळांच्या स्पर्धा ठेवल्या. मी बुद्धिबळात नाव दिलं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांनीच मला हा खेळ शिकवला होता आणि समता कॉलनीत मला सहसा कुणी हरवत नसे. सामना बघायला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले, पुढच्याच खुर्चीत बसले.

समोर भोपाळच्या एक दीदी होत्या. डाव माझ्याकडे झुकला होता. मी एक न हललेलं प्यादं त्याच्या पहिल्याच चालीत दोन घरं पुढे टाकलं. ते त्यांच्या प्याद्याच्या शेजारी येऊन थांबलं. त्यांनी आपलं प्यादं तिरकं सरकवून माझ्या प्याद्यामागच्या रिकाम्या घरात ठेवलं आणि माझं प्यादं उचललं.

मी बोलायच्या आत बाबा उभे राहिले. "हे काय करून राहिल्या तुम्ही? रिकाम्या घरात जाऊन प्यादं मारते का कोणी? बेइमानी आहे ही!"

पंच शांतपणे म्हणाले, "अंकल, नियम है. प्यादा दो घर चले, तो बगलवाला उसे ऐसे मार सकता है जैसे वो एक ही घर चला हो. पर तुरंत, अगली ही चाल में."

मागून कुणीतरी हसलं. बाबा खाली बसले. माझे कान तापले. उरलेला डाव मी कसाबसा खेळले आणि हरले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुले मी अर्धवटच शिकवलं. चारचौघांत तुही मान खाली गेली."

"मले तरी कुठं माहीत होतं, बाबा?"

त्यांनी पट माळ्यावर टाकला. मीही कार्यालयात मान वर करून चालेना, डबा टेबलावरच खाई. शेवटी दीदीच माझ्याजवळ आल्या. "इतवार को घर आऊँ? पापा के साथ खेलूँगी."

त्या आल्या तेव्हा बाबा बराच वेळ आतल्या खोलीतून निघालेच नाहीत. मग बाहेर येऊन त्यांनी हात जोडले. "बेटी, उस दिन मुँह से निकल गया."

"छोड़िए, अंकल. बैठिए."

बाबा ती चाल शिकले. पुढे कितीतरी रविवार दोघांचे डाव रंगले. पण माझ्या कार्यालयात ते पुन्हा कधी आले नाहीत. मला बढती मिळाली त्या दिवशीही पेढे घेऊन फाटकाबाहेरच उभे राहिले.