मावळतीला दोघं

कॅप्टननं माझ्या हातातला मोबाईल ओढून घेतला. माईक बंद केला आणि मोबाईल परत माझ्या मांडीवर टाकला. श्रीरामपूरच्या एका मंगल कार्यालयात, मोबाईल गेमच्या सामन्यात, कॉलेजच्या पोरांनी भरगच्च भरलेल्या हॉलसमोर.

"काका, तुम्ही बोलू नका. आम्ही जखमी झालो की नुसती औषधं टाका."

मी सत्तेचाळीस वर्षांचा. सोनईत शिंपीकाम करतो. मोबाईलवरचा युद्धाचा गेम मला मुलीनं शिकवला आणि मी त्याच्या असा नादी लागलो, की एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच शिवले. कॅप्टन दुकानातच भेटला. बागायतदाराचा मुलगा, पुण्याला इंग्रजी शाळेत शिकलेला. तो आणि त्याचे दोन चुलतभाऊ, चौघांच्या स्क्वॉडला एक गडी कमी होता. मी लगेच हो म्हणालो. अक्कल तेवढीच.

ते दिशा होकायंत्राच्या इंग्रजी आकड्यांत सांगायचे. टू-फॉर्टी, थ्री-टेन. मी आकडा शोधेपर्यंत मेलेलो असायचो. मग मी आपल्या पद्धतीनं सांगायला लागलो. उगवतीला एक. खालच्या अंगाला गाडी. तेही पटकन वळायला लागले, आमचा स्क्वॉड शेवटपर्यंत टिकायला लागला. एकदा तर कॅप्टनच 'मावळतीला' म्हणाला.

पण श्रीरामपूरच्या अंतिम सामन्यात आमचं बोलणं हॉलच्या स्पीकरवर लावलेलं. मी म्हणालो, "मावळतीला दोघं हायेत, टाकीमागं." हॉल खदखदून हसला. कुणी म्हणालं, नांगर धरा मामा. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, पण कॅप्टनचे कान लाल झाले. त्याला लाज वाटली. माझी.

म्हणून माईक बंद. आणि मी 'बरं' म्हणालो. माईक बंद होता, तरी म्हणालो.

ही सवय जुनी. चौथीत एका उत्तरात 'न्हाई' आलं. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर येत असलेल्या उत्तरालाही मी हात वर केला नाही.

टाकीमागचे दोघं निघाले, वळसा घालून आमच्या मागं. मला स्वच्छ दिसत होते. आमचे तिघं त्यांना पाठमोरे, आणि इकडं हॉलात तिघांच्या कानांवर हेडफोन. माईकचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. कॅप्टनचा खांदा हातभर लांब. मी दोन्हीला हात लावला नाही. गोळ्या झाडल्या, पण माझा नेम सुईच्या नेढ्यापुरताच. तिघं मेले, मग मी.

कॅप्टननं हेडफोन आपटला. "तोंड नव्हतं का सांगायला?"

मी मोबाईल खाली ठेवून उभा राहिलो.

"तोंड हुतं. तुमी बंद केलं. आन मी करू दिलं."

कॅप्टन म्हणाला, जाऊ द्या काका, गेम आहे. व्हय, गेमच. जिंकल्यावर मात्र त्याचा गेम, हरल्यावर माझं तोंड.

आठवड्यानं त्याचा फोन आला. नगरला सामने होते. तुमच्यासारखी नजर कुणाची नाही म्हणाला, फक्त बोलायचं तेवढं आम्ही बघू. मी सांगितलं, माईक चालू राहणार असंल तर येतो. त्यानं फोन ठेवला.

पुन्हा आला नाही. मी आता एकटाच खेळतो, दोन मिनिटांत मरतो. पण गोळी कुठून आली ते दुकानात मोठ्यांदा सांगतो. बायको म्हणते, भिंतीला काय सांगताय. सांगू दे. गप्प बसायच्या अटीवर मिळणारी जागा मला आता कुठंच नको. स्क्वॉडात नको, ग्रामसभेत नको, सोयऱ्यांच्या पंगतीतही नको.